विजयदुर्ग ते तेरेखोल: छोट्या शिडाच्या होडीसाठी रात्रीचा आडोसा आणि मुक्कामाच्या पुळणी

दर्यावाट

नमस्कार. येत्या जानेवारीच्या मध्यावर माझी धाकटी बहीण आणि मी आमच्या पंधरा फुटी फायबरच्या शिडाच्या होडीतून विजयदुर्गाहून निघून किनाऱ्याकिनाऱ्याने तेरेखोलच्या खाडीपर्यंत जाण्याचा बेत आखत आहोत. समुद्रमार्गे हे अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास भरते. घाई नसल्यामुळे सात ते आठ मुक्काम धरले आहेत. होडीचा सेंटरबोर्ड, म्हणजे तळातून पाण्यात उतरणारी फळी, वर उचलला की ती गुडघाभर पाण्यातही तरंगते. वल्ह्यांची एक जोडी आणि अडीनडीला छोटे इंजिन बरोबर आहे. दोघांनाही शीड हाताळता येते. हर्णैजवळ आणि कर्लीच्या खाडीत दिवसभराच्या फेऱ्या आम्ही केल्या आहेत, पण समुद्रावरून येऊन अनोळखी किनाऱ्यावर रात्र काढण्याचा अनुभव मात्र नाही.

उपग्रहाच्या नकाशावर पाहून मी चौदा जागा टिपून ठेवल्या आहेत. चित्रात सगळ्याच सुंदर दिसतात आणि हीच माझी अडचण आहे, कारण यांतली कोणती जागा रात्रभर शांत राहील आणि कोणत्या जागी पहाटे होडी लाटांत आपटत असेल, हे वरून काढलेल्या चित्रावरून मला ओळखता येत नाही. होडी नांगरून तिच्यातच झोपावे, की ती ओढून घेऊन पुळणीवर तंबू ठोकावा? खाडीच्या मुखांवर वाळूचे दांडे असतात, तेथे आत शिरण्याची योग्य वेळ कशी ठरवावी? परवानग्या कोणाकडून घ्याव्या लागतात? ज्यांनी हा किनारा होडीतून पाहिला आहे, त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

खाडीकाठ

तुमचा प्रश्न योग्य आहे, पण जागांची यादी देण्याआधी वाऱ्याबद्दल सांगतो, कारण आपल्या किनाऱ्यावर हिवाळ्यात एकच जागा सकाळी आडोशाची आणि दुपारी उघडी असू शकते.

जानेवारीत रात्री जमीन लवकर थंड होते आणि मध्यरात्रीनंतर जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा सुरू होतो. तो साधारणपणे पूर्व किंवा ईशान्येचा असतो आणि सकाळी नऊ-दहापर्यंत टिकतो. त्यानंतर तास-दीड तास वारा पडतो, समुद्र तेलासारखा होतो आणि मग खारा वारा उठतो. तो वायव्येकडून येतो, दुपारी तीन-चारच्या सुमारास पुरता भरात असतो आणि सूर्यास्तानंतर मंदावतो. आमच्या घरी तीन पिढ्या मासेमारी झाली. लहान होडीने उजाडताना मतलईवर निघावे आणि खारा वारा भरात येण्याआधी किनारा गाठावा, हीच आमच्याकडची रीत. तुमचा दिवसाचा पल्ला पंधरा ते वीस किलोमीटरच ठेवा, म्हणजे अकराच्या आत तुम्ही मुक्कामावर असाल आणि जागा पसंत पडली नाही, तरी पुढची शोधायला उजेड आणि शांत पाणी हाताशी राहील.

आता आडोसा. दुपारचा वारा आणि त्याच्या लाटा वायव्येकडून येतात, म्हणून ज्या पुळणीच्या उत्तरेला डोंगराचे नाक समुद्रात घुसलेले आहे, त्या पुळणीचा उत्तरेकडचा कोपरा शोधावा. आपल्या किनाऱ्यावर अशा बहुतेक कोपऱ्यांत एखादी वाडी असतेच. उपग्रहाच्या चित्रात पुळणीवर ओढून ठेवलेल्या होड्या कोठे आहेत, ते मोठे करून पाहा. दोन किलोमीटरच्या मोकळ्या पुळणीवर सगळ्या होड्या एकाच शंभर मीटरच्या टप्प्यात दाटीने ठेवलेल्या दिसल्या, तर तो टप्पा कोणी उगाच निवडलेला नसतो. लाटा तेथे सर्वांत कमी फुटतात, वाळूखाली खडक नसतो आणि वर गोड्या पाण्याची विहीर असते. तुमच्या चौदा खुणांपैकी किती खुणांजवळ होड्या दिसतात, हे आधी मोजा. जेथे एकही होडी नाही, तेथे ती का नाही, याचे उत्तर मिळेपर्यंत ती जागा मुक्कामासाठी धरू नका.

मात्र एक सावधगिरी बाळगा. वारा अडला म्हणजे लाट अडली, असे होत नाही. दूरवरून आलेली लांब लाट डोंगराच्या नाकाला वळसा घालून आत येते. वारा अजिबात नसतानाही ती होडीला रात्रभर आडवी हलवते आणि पुळणीवर अचानक मोठी होऊन फुटते. हिवाळ्यात अरबस्तानाकडच्या शमाल वाऱ्यांनी उठवलेल्या लाटा आपल्याकडे वायव्येकडून पोहोचतात, तेव्हा आकाश निरभ्र असते आणि माणूस गाफील राहतो. म्हणून हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचा लाटांचा अंदाज रोज संध्याकाळी पाहावा. जमिनीला लागण्यापूर्वी लाटा फुटतात त्या रेषेच्या बाहेर दहा मिनिटे थांबून नुसते बघत राहावे. लाटा सारख्या नसतात, पाच-सात लहान लाटांनंतर दोन-तीन मोठ्या येतात. त्या मोठ्या लाटा गेल्या की लगेच वल्ही मारून आत यायचे. त्या दहा मिनिटांची घाई केलेली होडी मी डोळ्यांसमोर उलटलेली पाहिली आहे.

नांगराबद्दलही सांगतो, कारण नवीन माणसाची चूक येथेच होते. रात्रीचा मतलई वारा जमिनीकडून सुटतो, त्यामुळे नांगर घसरला तर होडी किनाऱ्याला न लागता सरळ बाहेर समुद्रात जाते आणि झोपलेल्या माणसाला ते कळतही नाही. खाडीच्या मुखाशी तर हा वारा नदीच्या दरीतून एकवटून येतो आणि उघड्या पुळणीपेक्षा तेथे जास्त जोर धरतो. घड्या घालता येतो असा चार पंजांचा छोटा नांगर खडकाला धरतो, वाळूत मात्र नांगरटीसारखा ओढला जातो. वाळूसाठी दोन रुंद पाती असलेला नांगर घ्या आणि त्याला निदान दोन मीटर साखळी लावा. दोरी किती सोडायची, हे नांगर टाकतानाच्या खोलीवर ठरवू नका, भरतीच्या खोलीवर ठरवा. ओहोटीला दीड मीटर पाणी असेल आणि भरती दोन मीटर चढत असेल, तर खोली साडेतीन मीटर झाली. तिच्या सहा-सात पट म्हणजे वीस ते पंचवीस मीटर दोरी हवी. अंधार पडण्याआधी किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून ठेवा, एखादा माड आणि त्यामागचे देवळाचे शिखर, आणि रात्री जाग आली की त्या रेषेत आहेत का ते पाहा.

माझे मत विचाराल तर उघड्या पुळणीवर होडी ओढून घ्यावी आणि खाडीच्या आत ती नांगरावी. पंधरा फुटी होडी दोघांना एकदम ओढता येणार नाही. सामान आधी उतरवा आणि होडीखाली माडाच्या झावळांचे ओले देठ आडवे टाका, ती सहज सरकते. आमच्याकडे तसेच करतात.

पाऊणपट

वरच्या उत्तराला भरती-ओहोटीची जोड देतो, कारण कोणत्या तिथीला निघायचे यावर तुमचे निम्मे श्रम अवलंबून आहेत.

आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशोब असा, की तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा. ही वेळ दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा धरायची. हा ठोकताळा मुंबईच्या बाजूला बराच नेमका बसतो, दक्षिणेकडे मालवणपर्यंत भरती काही वेळ आधी येते. छापील भरतीपत्रक जवळ ठेवाच, पण हा हिशोब डोक्यात असला की पत्रक भिजले तरी माणूस अडत नाही.

आता याचा उपयोग पाहा. अष्टमीच्या आसपास निघालात तर सकाळी सहाला पाणी पूर्ण चढलेले असते, होडी दोन पावले ढकलली की तरंगते आणि मतलई आणि ओहोटी दोन्ही तुम्हाला खाडीबाहेर नेतात. दुपारी ओहोटी असते, तेव्हा मुक्कामाच्या जागी पोहोचल्यावर पाण्याखालचे खडक उघडे दिसतात आणि संध्याकाळी सहाच्या भरतीबरोबर होडी हळूहळू वर घेता येते. शिवाय ती भांगाची भरती असते, म्हणजे पाण्याची चढउतार कमी. पौर्णिमेला याच्या उलट घडते. पहाटे ओहोटी लागलेली, होडी कोरड्यावर आणि पाणी पन्नास-साठ पावले दूर, तेही ओल्या वाळूतून ओढत न्यायचे. उधाणाचा फायदा एकच, दुपारच्या भरतीवर खाडीच्या मुखावरच्या दांड्यांवर भरपूर पाणी मिळते.

एक गोष्ट मात्र मी अनुभवातून शिकलो आणि ती मला आधी कोणी सांगितली नव्हती. दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात. पावसाळ्यात दिवसाची भरती मोठी असते, हिवाळ्यात रात्रीची. पाच वर्षांपूर्वी पौष पौर्णिमेला आम्ही चौघे आचऱ्याच्या दक्षिणेला उतरलो. दुपारची भरती नुकतीच ओसरली होती आणि वाळूवर शेवाळ, शिंपले व काटक्यांची ओली रेघ स्पष्ट उमटली होती. त्या रेघेच्या वर चांगली दहा पावले जागा सोडून आम्ही तंबू ठोकले आणि निश्चिंत झोपलो. रात्री बाराच्या सुमारास तंबूखालची वाळू गार लागली. विजेरी लावून पाहतो, तो चपला तरंगत होत्या आणि होडीचा मागचा भाग पाण्यात उचलला जात होता. कोणाला इजा झाली नाही, पण दोन बॅगा भिजल्या आणि उरलेली रात्र आम्ही सुरूच्या झाडांखाली उभे राहून काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी नीट पाहिले, तेव्हा आम्ही धरलेल्या रेघेच्या बऱ्याच वर, मर्यादवेलीच्या मुळांशी, जुन्या सुकलेल्या काटक्यांची दुसरी रेघ होती. ती आदल्या उधाणाच्या रात्रीची होती. तंबू त्या वरच्या सुकलेल्या रेघेच्याही मागे हवा. मर्यादवेल जेथून सुरू होते, तेथपर्यंत हिवाळ्यातले पाणी सहसा पोहोचत नाही, आणि या वेलीचे नावही त्यावरूनच पडले असावे असे मला वाटते.

मुंबईकडे उधाणाला पाणी चार मीटरच्या आसपास चढते-उतरते, गोव्याकडे ते दोन मीटरच्या आसपास येते. त्यामुळे तुमचा टप्पा त्या मानाने सोपा आहे. हर्णैचा अनुभव जसाच्या तसा धरून चालू नका, तिकडे पाणी याहून जास्त मागे जाते.

कुरटे बेट

मी मालवणचा आहे आणि या टप्प्यातल्या बहुतेक जागांवर होडी लावली आहे, म्हणून जागांबद्दल लिहितो.

विजयदुर्गाच्या आत वाघोटनची खाडी खोल आणि शांत आहे. किल्ल्यापासून थोडे आत आंग्र्यांच्या काळातली खडकात कोरलेली गोदी आजही पाहायला मिळते. गलबते दुरुस्तीला काढण्यासाठी त्यांनी जी जागा निवडली, तिच्या आडोशाबद्दल वेगळे सांगायला नको. पहिली रात्र येथेच काढा आणि सामान बांधण्याचा सराव करून घ्या. देवगडचे बंदरही अरुंद मुखाचे आणि चहूबाजूंनी टेकड्यांच्या कुशीत आहे. मात्र तेथे ट्रॉलरांची सतत ये-जा असते, म्हणून मुख्य धक्क्यापासून दूर, उथळ बाजूला नांगरा आणि रात्रभर पांढरा दिवा चालू ठेवा.

देवगडच्या दक्षिणेला कुणकेश्वरची पुळण सरळ आणि उघडी आहे. जेवायला थांबा, रात्रीसाठी नको. त्यापुढे मिठबाव आणि तांबळडेग पाहून मग आचऱ्याची खाडी येते.

माझ्या मते या संपूर्ण प्रवासातली सर्वांत चांगली जागा त्यापुढे आहे. तोंडवळी आणि तळाशील ही वाळूची लांबट पट्टी आहे, तिच्या एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला गड नदीची खाडी. समुद्राकडच्या बाजूला लाट असते आणि माडांची रांग ओलांडून पलीकडे गेले की खाडीचे पाणी आरशासारखे. तळाशीलच्या टोकाला वळसा घालून खाडीत शिरावे लागते आणि त्या मुखावर वाळू दरवर्षी पावसाळ्यानंतर जागा बदलते, त्यामुळे दोन वर्षांपूर्वीच्या चित्रावर विसंबू नका. समोर सर्जेकोटचे बंदर आहे, तेथून मच्छीमार होड्या सकाळी ज्या वाटेने बाहेर पडतात, ती वाट लक्षात ठेवून त्याच वाटेने आत या. आत गेल्यावर खाडीत जुवे आहेत, म्हणजे चहूबाजूंनी पाणी असलेली छोटी वस्तीची बेटे. तेथे कोणाच्या तरी अंगणाजवळ होडी बांधून राहण्याची परवानगी मागितलीत तर सहसा नाही म्हणत नाहीत. मात्र कांदळवनाला दोरी बांधू नका आणि त्याच्या चिखलात होडी घालू नका. कायद्याने ते संरक्षित आहे, शिवाय ओहोटीला तुम्ही तेथे सहा तास अडकून पडाल.

मालवणला बंदराच्या तोंडाशी पाण्याखाली खडकच खडक आहेत. सिंधुदुर्ग ज्या कुरटे बेटावर उभा आहे, त्याच्या भोवतीच्या वाटा महाराजांच्या काळातही माहीतगार माणसाशिवाय धोक्याच्या मानल्या जात, आणि आजही अनोळखी माणसाने प्रवासी होड्यांच्या मार्गावरूनच आत यावे. हा भाग 1987 साली जाहीर झालेल्या मालवण सागरी अभयारण्यात येतो. अभयारण्याचे क्षेत्र 29.12 चौरस किलोमीटर आहे आणि त्यात प्रवाळ आहेत. पाण्यात खाली स्वच्छ पिवळी वाळू दिसल्याशिवाय येथे नांगर टाकू नका, नांगराच्या एका ओढीने मोडलेले प्रवाळ पुन्हा वाढायला कित्येक वर्षे घेते.

देवबागच्या संगमाबद्दल थोडे विस्ताराने लिहावे लागेल, कारण तुमच्या यादीत तो नक्की असणार. कर्लीची खाडी जेथे समुद्राला मिळते तेथे मुखावर वाळूचे दांडे आहेत आणि मधोमध एक वाळूचे बेट आहे, जे पर्यटकांच्या होड्यांमुळे सर्वांना ठाऊक झाले आहे. चित्रात ती मुक्कामाची आदर्श जागा वाटते. तेथे तंबू ठोकू नका. ती वाळू आज आहे, उद्या नाही, आणि उधाणाला तिच्यावर उभे राहायला किती जागा उरेल ते आधी सांगता येत नाही. मुखातून आत शिरायचे ते भरतीच्या शेवटच्या दोन तासांत. दुपारी ओहोटी जोरात बाहेर येत असेल आणि समोरून वायव्येचा वारा असेल, तर त्या दोघांच्या झटापटीत लाटा उभ्या आणि आखूड होतात. तेव्हा बाहेरच थांबा किंवा सरळ दक्षिणेला निवतीकडे जा. आत शिरलात तर नदीने दोन-तीन किलोमीटर वर जाऊन माडांच्या सावलीत नांगरा, तेथे समुद्राचा आवाजही येत नाही.

निवतीच्या टेकडीच्या आडोशाला मच्छीमारांच्या होड्या ओढलेल्या असतात. छान जागा आहे, पण लहान आहे, म्हणून आधी गावात विचारा. वेंगुर्ले बंदरात पाणी आणि किराणा भरून घ्या. तेरेखोलच्या मुखावरही लाटा फुटतात, तेथेही भरतीचाच नियम पाळा.

शेवटी रापणीबद्दल. आमच्याकडे अजूनही गावची माणसे मिळून पुळणीवरून रापण ओढतात. होडीतून जाळे अर्धवर्तुळात टाकले जाते आणि मग दोन्ही टोकांना वीस-तीस माणसे दोर ओढत पुळणीवर मागे सरकतात. त्या जागेत तुमचा नांगर पडलेला असेल किंवा तंबूच्या दोऱ्या ताणलेल्या असतील, तर साऱ्या गावाची सकाळ वाया जाते. होडी लावल्याबरोबर पहिल्या भेटलेल्या माणसाला विचारा, «काका, उद्या इथे रापण आहे का?» एवढ्या प्रश्नावर तुम्हाला जागाही दाखवतील आणि बहुधा सकाळी माशांचा वाटाही मिळेल.

वाळूतली घरटी

मी वेंगुर्ल्याच्या बाजूला कासव संवर्धनाच्या कामात स्वयंसेवक आहे. वर «पाऊणपट» यांनी जी जागा सुचवली आहे, उधाणाच्या सुकलेल्या रेघेच्या मागे आणि मर्यादवेलीच्या आसपास, ती माणसासाठी सुरक्षित आहे हे खरे. परंतु ऑलिव्ह रिडले कासवाची मादीसुद्धा घरट्यासाठी नेमकी तीच पट्टी निवडते आणि त्याच कारणासाठी निवडते, की तेथे पाणी पोहोचू नये. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत माद्या रात्री वर येतात, हातभर खोल खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालतात आणि वाळू थापून निघून जातात. तुम्ही ज्या महिन्यात येत आहात, तो विणीच्या ऐन भरातला काळ आहे.

त्यामुळे माझी कळकळीची विनंती आहे, की तांबळडेग, आचरा, वायंगणी अशा कासवे येणाऱ्या किनाऱ्यांवर थांबायचे असेल, तर गावातल्या कासवमित्राला आधी भेटा. घरटी कोठे आहेत आणि तंबूचे खुंटे कोठे ठोकलेले चालतील, ते तो दाखवेल. सूर्यास्तानंतर पुळणीच्या बाजूला पांढरा उजेड नको, लाल विजेरी वापरा. समुद्रावरून येणारी मादी उजेड पाहून परत फिरते आणि घरट्यातून निघालेली पिल्ले समुद्राऐवजी उजेडाकडे चालत जातात. मी एका सकाळी एका तंबूभोवती पिल्लांच्या पावलांचे ठसे गोल फिरलेले पाहिले आहेत. इवल्याशा वल्ह्यांनी काढल्यासारख्या त्या रेघा तंबूला तीन वेढे घालून सुरूच्या बनाकडे गेल्या होत्या आणि तेथे संपल्या होत्या. ते चित्र डोळ्यांसमोरून जात नाही.

मोठी होडी पुळणीवर ओढल्याने पडणारी खोल चरी सकाळी बुजवून टाका, पिल्ले तिच्यात अडकतात. शेकोटी करूच नका. स्वयंपाकाला गॅसची छोटी शेगडी पुरते, आणि सुरूची वाळलेली पाने किती झटकन पेट घेतात ते गावकऱ्यांना विचारा. माडाखाली तंबू नको, हे तर सांगायला नकोच.

बंदरवाट

परवानग्यांबद्दल थोडक्यात. होडीची नोंदणी आणि विम्याची कागदपत्रे, दोघांची ओळखपत्रे आणि प्रवासाचा दिवसवार आराखडा यांच्या प्रती काढा. एक प्रत महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयात आणि एक प्रत ज्या पोलीस ठाण्यांच्या हद्दीतून जाणार त्या प्रत्येक ठिकाणी आधी पोहोचवा. 2008 च्या मुंबई हल्ल्यानंतर किनाऱ्यावरची गावे अनोळखी होडीबाबत दक्ष असतात आणि ते योग्यच आहे. रात्री दिवा न लावता खाडीत शिरलेल्या होडीची माहिती दहा मिनिटांत पोलिसांकडे जाते. पुळणीवर राहण्यासाठी ग्रामपंचायतीला किंवा सरपंचांना सांगावे, खाजगी माडबागेत राहायचे असेल तर मालकाला. सागरी पोलिसांचा क्रमांक 1093 आणि तटरक्षक दलाचा 1554, हे दोन्ही होडीत दिसतील असे लिहून ठेवा, कारण अडचणीच्या वेळी फोनमधली यादी शोधायला सवड नसते.

तेरेखोलचा किल्ला खाडीच्या उत्तर तीरावर असला, तरी तो गोव्यात आहे. गोव्यात किनाऱ्यावर उघड्यावर स्वयंपाक करण्यास कायद्याने बंदी आहे आणि तेथील जलहद्दीसाठी बंदर कप्तान खात्याशी वेगळा संपर्क करावा लागतो. प्रवास महाराष्ट्राच्या बाजूला, आरोंद्याकडे संपवलात तर हा व्याप टळेल.

दर्यावाट

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री बहिणीबरोबर बसून चौदाही खुणा पुन्हा तपासल्या. त्यांपैकी केवळ पाच ठिकाणी ओढलेल्या होड्या दिसल्या आणि ज्या जागेवर आमचे सर्वांत जास्त मन बसले होते, देवबागचे वाळूचे बेट, ती यादीतून काढली आहे. आता निघण्याचा दिवस सप्तमीला धरला आहे, म्हणजे पहिले तीन मुक्काम भांगाच्या भरतीत जातील आणि होडी ओढण्याचा सराव होईपर्यंत पाणी फार चढणार नाही. पहिली रात्र विजयदुर्गाच्या आत, दुसरी देवगडला, मग मिठबावला गावात विचारून एक रात्र, त्यानंतर तळाशीलच्या मागे खाडीत दोन रात्री, पुढे कर्लीत आत जाऊन एक, निवतीला जागा मिळाली तर एक, आणि वेंगुर्ल्याहून शेवटचा टप्पा. नांगर बदलत आहोत आणि लाल विजेऱ्या मागवल्या आहेत.

एक शंका उरली आहे. तळाशीलच्या मुखाशी आम्ही पोहोचू, ती दशमी असेल. हिशोबाने भरती साडेसातला, म्हणजे अकरापर्यंत पोहोचलो तर ओहोटी बरीच झालेली असेल आणि मुखात शिरणे अवघड जाईल. संध्याकाळच्या भरतीपर्यंत बाहेर थांबावे, तर खाऱ्या वाऱ्यात उघड्यावर सात तास काढावे लागतील. काय करावे?

कुरटे बेट

बाहेर थांबू नका आणि ओहोटीला आतही शिरू नका. त्या दिवशी तोंडवळीच्या समुद्राकडच्या पुळणीवर सकाळीच, लाट लहान असताना होडी लावा आणि सामान उतरवून ती उधाणाच्या रेघेपर्यंत ओढून ठेवा. कासवांच्या घरट्यांबद्दल गावात आधी विचारायला विसरू नका. माडांमधून पाच मिनिटे चालत गेलात की खाडीचा काठ येतो. दुपार तेथे काढा आणि ओहोटीला मुखावरचे दांडे उघडे पडलेले असताना टोकापर्यंत चालत जाऊन पाण्याची वाट डोळ्यांनी पाहून घ्या, तिचे कागदावर चित्र काढा. संध्याकाळी त्या वाटेने जायचा मोह होईल, पण खारा वारा पडेपर्यंत अंधार होतो, म्हणून तो दिवस पुळणीवरच राहा. दुसऱ्या दिवशी एकादशी, भरती सकाळी आठच्या सुमारास. साडेसहाला उजेड येताच होडी पाण्यात घाला, मतलईवर टोकापर्यंत या आणि सातच्या आसपास चढत्या पाण्याबरोबर आत शिरा. त्या वेळी सर्जेकोटच्या होड्या समोरून बाहेर पडत असतील, आपण उजवीकडे सरकून त्यांना वाट द्या.